दोन रोलांचं मशीन

९ जानेवारी

प्रिय धाकट्या,

मशीन चालू झालं एकदाचं. तुझे फिटरकाका परवा परतले. जेवायला बोलावलं की "ताई, एवढा बोल्ट आवळतो आणि आलोच" म्हणायचे आणि ताट गार झाल्यावर यायचे. जाण्याआधी त्यांनी यांना मशीनपुढे उभं करून सगळं पुन्हा पहिल्यापासून समजावलं. हे मान डोलावत होते. आता हे मान डोलावतात तेव्हा ऐकत असतातच असं नाही, हे मी तुला काय सांगायचं.

तू घाऊकवाला. गावोगावच्या दुकानदारांना ट्रक भरून मशीनं पाठवणारा. एखादं मशीन मागायला आलेल्याला तू पायरीवरूनच दुकानदाराचा पत्ता देऊन वाटेला लावतोस, ते मी पाहिलंय. तरी आमच्यासाठी एक वेगळं काढलंस आणि कंपनीच्या मागे लागून लवकर आणवलंस. वहिनी म्हणत होती, त्यापायी तुझं त्या लोकांशी वाजलं. हे बोलून दाखवणार नाहीत, पण परवा शेजाऱ्याला सांगत होते, "आमच्या मेहुण्याचा शब्द चालतो तिकडे."

मागच्या अंगणात शेड घातली आहे. एका टोकाला मशीन, दुसऱ्या टोकाला वॉशर दाबायची जुनी प्रेस. रबराचा गोळा टाकला की दोन लोखंडी रोल त्याला आत ओढतात, चेपून चादर काढतात. ती सुरीने कापायची, गुंडाळायची, काळी पूड घालायची आणि पुन्हा रोलात टाकायची. संध्याकाळी हे घरात येतात तेव्हा नुसते डोळे आणि दात दिसतात. चिमी विचारते, "आपण कोणाकडे आलात?" इतकी वर्षं दुसऱ्याच्या गोदामात कागदावर माल चढवला आणि उतरवला यांनी. आता स्वतःचा माल हातात घेऊन बघतात. वॉशरसुद्धा उजेडात धरून बघतात.

एक तक्रार आहे. मशीनच्या पुढची ती आडवी दांडी, कमरेने ढकलली की ब्रेक लागून मशीन थांबतं ती, फारच हळवी आहे बाबा. यांचं पोट तुला ठाऊक आहे. जरा पुढे वाकले की दांडीला लागतं, मशीन बंद. मग रबर गार होऊन बसतं आणि सगळं पहिल्यापासून. काल वैतागून यांनी ती तारेने बांधूनच टाकली. आता काम झरझर चाललंय. तू रागावशील म्हणून आधीच सांगून ठेवते.

चिमीची परीक्षा जवळ आली आहे. वहिनीला म्हणावं, पत्र लिहायला हात झिजत नाही.

तुझी,
ताई


२३ जानेवारी

ताई,

तुझं पत्र आलं तेव्हा दारात ट्रक उभे होते आणि एक मोठी प्रेस साखळीला लोंबकळत होती. लाकडी पेटी एका बाजूने फुटली, हमालाचा पाय थोडक्यात वाचला, आणि सगळे एकमेकांना शिव्या देत असताना पोस्टमनने तुझं पाकीट माझ्या हातात कोंबलं. खिशात ठेवलं ते रविवारी वाचलं.

गोदामात पाय ठेवायला जागा नाही. माझं टेबल दोन प्रेसच्या मधे अडकलंय, उठायचं तर पोट आत ओढून बाहेर यावं लागतं. तेव्हा भावोजींच्या पोटाला हसायचा मला काही अधिकार नाही. कंपनीने आणखी एक मोठा भाग माझ्याकडे दिला आहे. चपलांच्या टाचा करणारे, सायकलच्या ट्यूब करणारे, पाइप करणारे, सगळ्यांची दुकानं आता माझ्याकडूनच माल उचलणार. फिटरकाका म्हणतात, आता मला दोन हात पुरायचे नाहीत, मदतीला कोणी द्या. तुझी वहिनी म्हणते, आता नवरा दिसायचा नाही, मला तरी कोणी मदतीला द्या.

भावोजींना सांग, रबर फार तापू देऊ नका, कडा जळतात. पहिला माल पाठवला की मला एक वॉशर पाठवा. मी तो टेबलावर ठेवणार आहे.

आणि हो, ती तार सोडायला सांग त्यांना. दांडी हळवी असते कारण तिने हळवंच असायला हवं. विसरू नकोस.

धाकटा


१६ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

वॉशर पाठवत आहे. डावीकडची कड जरा वाकडी आहे असं हे म्हणतात. मला तर दिसत नाही.

नळाचं सामान विकणाऱ्या मोठ्या दुकानाने आमचा माल घेतला आणि आणखी मागितला. हे सकाळी चहा उभ्याउभ्याच घेऊन शेडमध्ये जातात. तारेचं सांगितलं मी. "बघू" म्हणाले. मी पुन्हा काढलं तेव्हा म्हणाले, "तुझा भाऊ मशीनं विकतो, चालवत नाही." मग मी विषय सोडला. उगाच दोघांमधे माझं भरीत कशाला.

चिमीचा अभ्यास चालू आहे, म्हणजे पुस्तक उघडं असतं.

ताई


४ एप्रिल

धाकट्या,

बरेच दिवस लिहायला जमलं नाही. यांचा हात जरा दुखावला आहे. डॉक्टर चांगले आहेत. काम थोडे दिवस बंद ठेवलंय. तू कामाच्या गडबडीत आहेस, धावत येऊ नकोस. फोनही करू नकोस, शेजारून बोलावणं आलं की यांना चिडायला होतं.

ताई


१० एप्रिल

ताई,

पत्र वाचून जीव भांड्यात पडला. मी समजत होतो तू रागावली आहेस. वहिनीने लाह्यांसारखं तडतडत मला सुनावलं होतं, की बहिणीला महिना-महिना पत्र नाही म्हणजे काय.

भावोजींना म्हणावं, चालायचंच. सुरुवातीला सगळ्यांचे खांदे आणि मनगटं भरून येतात, रबर ओढायला सोपं नसतं. शेक द्या आणि वजन उचलू नका. सोबत मलम पाठवतोय, आमचे हमाल हेच लावतात, वास घाण आहे पण गुण येतो. उजवा की डावा, ते लिहिलं नाहीस.

हात बरा होईपर्यंत मशीनच्या रोलांना तेल लावून कापड घालून ठेवा. गंज धरला तर चादर डागाळते.

धाकटा


१४ एप्रिल

मामा,

तुझं मलम आलं. आईने पार्सल उघडलं आणि तसंच बंद करून माळ्यावर टाकलं. तिने तुला खरं लिहिलेलं नाही. मी लिहिते आहे हे तिला माहीत नाही.

बाबांचा उजवा हात मशीनमधे गेला. चादर गुंडाळताना आधी शर्टाची बाही अडकली. मी घरात होते. ओरडणं ऐकून आई आणि मी धावलो. दांडी तारेने बांधलेली होती. आई ती ओढत होती आणि ती हलत नव्हती. मग ती बटणाकडे पळाली. बटण शेडच्या दुसऱ्या टोकाला आहे, प्रेसच्या मागे. तोपर्यंत कोपराजवळ आलं होतं. शेजारचे काका कटावणी घेऊन आले, त्यांनी तार तोडली आणि रोल उलटे फिरवून हात काढला. दवाखान्यात कोपराखालून कापावा लागला.

बाबा कोणाशी नीट बोलत नाहीत. आई रडत नाही. मला भीती वाटते. तू ये.

चिमी


६ मे

ताई,

घरी पोचलो. वहिनीने तुमचं सगळं विचारलं. सांगता सांगता मी मधेच उठून गोदामात गेलो.

दवाखान्यात त्या दिवशी जे झालं त्याचं तू मनाला लावून घेऊ नकोस. भावोजींच्या जुन्या गोदामातली माणसं भेटायला आली होती. कोणीतरी विचारलं, कसं झालं हो. भावोजींनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "यांच्या मशीनला ब्रेक लागला नाही." सगळे माझ्याकडे वळले. मी काही बोललो नाही, तूही बोलली नाहीस. मग तू सगळ्यांना पाणी दिलंस. बोलायचं काय होतं तिथे? उशीशेजारी ती रिकामी बाही होती.

तू मला तारेचं लिहिलं होतंस. मी पत्राच्या शेवटी दोन ओळी उत्तर दिलं. त्याच संध्याकाळी गाडीत बसलो असतो तर, एवढंच सारखं डोक्यात फिरतं. बाकी काही नाही.

आता ऐक. मी ट्रक पाठवतो. मशीन परत आणतो. भावोजींच्या डोळ्यांसमोर ते नको, तुझ्याही नको. गोदामात ठेवीन, नाहीतर मोडीत काढीन. तू फक्त हो म्हण.

धाकटा


२१ मे

प्रिय धाकट्या,

ट्रक पाठवू नकोस.

मी यांना विचारलं. आधी रिकामी बाही आत दुमडून घेतली. मग म्हणाले, "मशीन गेलं तर माझा हात कशासाठी गेला?"

परवा तुझ्या कंपनीचा इंजिनिअर आला होता. तरुण माणूस, बूट बाहेर काढून शेडमधे गेला. मशीन चालवून पाहिलं, बंद करून पाहिलं, वाकून ब्रेक बघितला. मग मला विचारलं, अपघाताच्या वेळी पुढची दांडी चालू होती का. हे आतल्या खोलीत पडले होते आणि दार उघडं होतं. मी म्हटलं, मला मशीनमधलं काही कळत नाही. त्याने वही मिटली. मग काही विचारलं नाही त्याने, चहाही घेतला नाही.

मी मशीन सुरू केलंय. घाबरू नकोस. हे खुर्चीवर बसून सांगतात, मी करते. पहिले काही दिवस माझी चादर कुत्र्याने चावल्यासारखी निघायची. हे ओरडायचे, मी उलट ओरडायचे, आणि त्यातल्या त्यात घरात आवाज होता हे बरं वाटायचं. दांडी मोकळी आहे. पोटाला लागते, मशीन थांबतं, रबर गार होतं. होऊ दे. केस घट्ट बांधते, बाह्या दंडापर्यंत. बांगड्या काढून ठेवल्या आहेत.

रोलांजवळ उभी राहिले की आधी दांडी ढकलून बघते. मग काम सुरू होतं.

ताई


३ जून

ताई,

इंजिनिअरला जे सांगितलंस ते ठीकच केलंस. तो इथेही येऊन गेला. मी काय ते बोललो त्याच्याशी. तो विषय संपला, तू डोक्यात ठेवू नकोस.

तुझं मशीन चालवणं मला आवडलेलं नाही. पण मी नको म्हणून तू ऐकशील का? लहानपणी कधी ऐकलं नाहीस. हात रोलांच्या वर नेऊ नकोस, कधीच. सुरी बोथट झाली की बदल, जोर लावावा लागला की माणूस पुढे झुकतो.

इकडे सगळं ठीक.

धाकटा


११ सप्टेंबर

प्रिय धाकट्या,

तुझी मधली सगळी पत्रं दोन ओळींच्या पोस्टकार्डावर आली. आधी मला वाटलं, दमला असशील. नंतर वाटलं, काहीतरी आहे. विचारलं तर तू सांगणार नाहीस.

आमचं चांगलं चाललंय असंच म्हणायचं. खुर्च्यांचे कारखानदार पायांना लावायचे रबरी बूट मागतायत. एका मशीनवर ते होत नाही. एकाला काळं रबर, एकाला पांढरं, सारखं पुसत बसावं लागतं आणि तरी पांढऱ्यात काळे डाग उतरतात. म्हणून अगदी तू दिलंस तसंच दुसरं मशीन हवं आहे. लहान चालेल. यांनीच सुचवलं. यांनी सुचवलं, याचं तुला आश्चर्य वाटेल, मलाही वाटलं. तुझं नाव यांच्या तोंडून मी एप्रिलनंतर पहिल्यांदा ऐकलं. "विचार त्याला," एवढंच म्हणाले.

दुसऱ्यावर चिमी उभी राहील. कॉलेज सोडलंय तिने. मी खूप सांगितलं, पण ती म्हणते, घरात बसून पुस्तकात काय बघू, कान शेडकडेच असतात. ते खरंच आहे. मशीनचा आवाज जरा बदलला तरी ती पायऱ्यांवर येऊन उभी राहायची.

कधी पाठवशील ते कळव. फिटरकाकांनाच पाठव, दुसरं कोणी नको.

ताई


२० सप्टेंबर

ताई,

मशीन देता येणार नाही. कारण विचारू नकोस. भावोजींना सांग, सध्या माल नाही.

चिमीला मशीनवर उभी करू नकोस. तिला कॉलेजला पाठव. इकडे पाठवलीस तरी चालेल, वहिनी सांभाळेल. पण रोलांपुढे नको. माझं एवढं तरी ऐक.

धाकटा


१५ ऑक्टोबर

चि. भावास आशीर्वाद.

तुमचं पत्र मिळालं. माल नाही, असं लिहिलंत. तुमच्या गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती ते याच वर्षी तुम्हीच लिहिलं होतं.

हे म्हणाले, "बघ. मी मागितलं म्हणून नाही म्हणाला. दवाखान्यातलं मनात धरून बसलाय." मी तुमची बाजू घेऊन भांडले. मग तुमचं पत्र पुन्हा वाचलं आणि भांडण तिथेच सोडलं.

इथे एक कारखाना बंद पडला, त्याचं जुनं मशीन आम्ही आणलं आहे. भंगारवाल्याच्याच माणसाने येऊन बसवून दिलं. चालतंय. आवाज जास्त करतं. त्याला दांडीबिंडी काही नाही, कधी होती असंही वाटत नाही. त्यामुळे उद्या काही झालंच तर तुमचं नाव येणार नाही, निश्चिंत असा.

चिमी चालवते.

वहिनींना आशीर्वाद.

ताई


२० ऑक्टोबर

ताई,

पाया पडतो, ते मशीन बंद कर. मला हवं ते बोल, कर फक्त बंद. दांडी आणि ब्रेक मी बनवून आणतो, जुन्या मशीनलाही बसतात. रोलांची लांबी आणि पायथ्यापासून कमरेपर्यंतची उंची एका चिठ्ठीवर लिहून पाठव. तू नाही लिहिलंस तर चिमीला लिहायला सांग.

धाकटा


२६ नोव्हेंबर

धाकट्या,

माप सोबत आहे. चिमीने घेतलंय. तुझं पत्र आलं त्या दिवशीच घेतलं होतं, मीच पाठवलं नाही. तुला झुरवायचं होतं, आता काय लपवायचं. मशीन मात्र तेवढे दिवस चालूच होतं.

परवा फिटरकाका दारात उभे होते. मी ओळखलं नाही आधी. दाढी वाढलेली, हातात पत्र्याची पेटी. म्हणाले, "ताई, या भागात कुठे काम आहे का? मशीन बसवायचं, नाहीतर साफ करायचं, काहीही." मी म्हटलं, अहो, आमच्या धाकट्याने तुम्हाला सोडलं कसं? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी वेडीच आहे.

मग सगळं कळलं. जूनमधेच कंपनीने तुझ्याकडची एजन्सी काढून घेतली. पावसात भिजत कामगार तुझ्या गोदामावरची पाटी उतरवत होते आणि तू शिडी धरून उभा होतास, असं सांगत होते. मशीनं त्यांनी ट्रक लावून परत नेली. तू आता दुसऱ्यांच्या प्रेसचे पंप दुरुस्त करत फिरतोस. आणि मी तुला लिहिलं की तुझ्या गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती.

त्या इंजिनिअरला तू म्हणालास म्हणे, की ब्रेक बसवताना आमच्याकडूनच काहीतरी राहून गेलं. तार कुठे गेली त्यात? का केलंस असं? यांनी बांधली होती ती तार. तुला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं.

आणि ब्रेक बसवला होता फिटरकाकांनी. तू "आमच्याकडून" म्हणालास, कंपनीने त्यांचं नाव लिहून घेतलं. कुठलाही दुकानदार त्यांना आता हात लावू देत नाही मशीनला. फिटरकाका तक्रार म्हणून सांगत नव्हते. उलट तुझं चांगलंच बोलत होते. आमच्या मशीनपाशी जाऊन खाली वाकले, ब्रेक हाताने दाबून बघितला आणि म्हणाले, "बरोबर बसलाय की हो."

हे खुर्चीवर होते. सगळं ऐकत होते.

जेवायला थांबा म्हटलं, थांबले नाहीत. स्टेशनजवळच्या कुठल्याशा धर्मशाळेत उतरलेत.

ताई


२ डिसेंबर

ताई,

दांडीचं काम सुरू केलंय. लोहार ओळखीचा आहे. पुढच्या आठवड्यात येतो. लॉजवर उतरेन, भावोजींना अवघड नको.

का केलं विचारतेस. तो इंजिनिअर मुलगा समोर बसला होता, पेन उघडून. मी तारेचं सांगितलं असतं तर त्याने लिहिलं असतं की मशीन चालवणाऱ्याच्या निष्काळजीपणाने. भावोजी तेव्हा स्वतःच्या हाताने शर्टाचं बटण लावू शकत नव्हते. त्यांच्याबद्दल असा कागद कुठल्या तरी फायलीत पडून राहावा, ते मला बघवेना. आणि तुझं लग्न झालं तेव्हा मी लहान होतो. सायकलवर पुढे बसवून गावभर त्यांनीच फिरवलं मला. एवढंच सुचलं त्या वेळी.

फिटरकाकांचं नाव घेतलं नव्हतं मी. त्याने विचारलं, फिटर कोण होता, मी गप्प राहिलो, त्याने मशीन बसवल्याच्या कागदावरून शोधून काढलं. तुम्हाला सांभाळायला गेलो आणि त्यांना बुडवून बसलो. पुन्हा कंपनीत गेलो होतो सांगायला. मला आत सोडलं नाही. आता माझ्या सांगण्याला तिथे काय किंमत?

वहिनीला सगळं ठाऊक होतं. तुला लिही, लिही म्हणून मागे लागायची. मीच लिहू दिलं नाही.

धाकटा


२९ डिसेंबर

प्रिय धाकट्या,

तू गेल्यावर पुष्कळ काही घडलं, म्हणून हे पत्र लांबलं.

तू दांडी बसवत होतास तेव्हा हे शेडमधे आलेच नाहीत, ते तू पाहिलंसच. तुला वाटलं असेल, अजून राग आहे. तू हात धुवून निघालास, चिमी तुला कोपऱ्यापर्यंत सोडायला गेली, आणि मग हे आले. मला म्हणाले, चालू कर. मी जुनं मशीन चालू केलं. म्हणाले, रबर टाक. टाकलं. मग आपली रिकामी बाही दुसऱ्या हाताने धरून पुढे आले आणि कमरेने दांडी ढकलली. रोल थांबले. रबर अर्धवट बाहेर तसंच राहिलं.

"एवढ्यात थांबतं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, हो.

ते रोलांमधल्या त्या रबराकडे बघत राहिले. मग म्हणाले, पुन्हा चालू कर. पुन्हा थांबवलं. असं किती वेळा केलं मी मोजलं नाही. चिमी परत आली तेव्हा ते खाली बसले होते, मशीनला टेकून, आणि मी त्यांच्या शेजारी. पोरीने बटण बंद केलं.

दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, कंपनीला लिही. मी म्हटलं, काय लिहू? म्हणाले, दांडी मी बांधली होती, ब्रेक चांगला होता, फिटरचा आणि मेहुण्याचा दोष नाही. तू लिही, सही मी करतो. डाव्या हाताने सही करायला त्यांना फार वेळ लागला. ते पाकीट मी स्वतः रजिस्टर करून आले. उत्तर आलेलं नाही. तुझ्या भागात आता दुसरा कोणी माल पुरवतो, असं इथला मशीनवाला दुकानदार सांगत होता. त्यामुळे येईल असंही वाटत नाही.

फिटरकाकांना सांगावं म्हणून मी धर्मशाळेत गेले. ते केव्हाच निघून गेलेत. तिथल्या माणसाला विचारलं कुठे गेले, तर म्हणाला, इथून जाणारा सांगून जातो का बाई. तुला कुठे दिसले तर कळव.

चिमी दुसऱ्या मशीनवरच आहे. कॉलेजचं मी आता काढत नाही. तिचे हात माझ्यापेक्षा चांगले चालतात, आणि त्याचंच मला वाईट वाटतं. खुर्च्यांच्या बुटांचा माल वेळेवर गेला.

हे शेडमधे येत नाहीत आता. दाराबाहेर खुर्ची टाकून बसतात. मशीन थांबलं की उठून आत डोकावतात, चालू झालं की पुन्हा बसतात. दिवसभर तेच. परवा थंडी होती, आत या म्हटलं, तरी आले नाहीत.

पुढच्या खेपेला लॉजवर उतरू नकोस. इथे ये. मी यांना तसं विचारलं. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. आत्ता हे पत्र लिहिताना समोर बसले आहेत. मी पाकिटावर पत्ता घालते आहे, तर म्हणाले, दे इकडे, मी टाकून येतो पोस्टात.

ताई